परभणीत पक्षी पाहायला किती पैसे लागतात?

पक्षी फुकट दिसतात, त्यांच्यापर्यंत पोचायला मात्र पेट्रोल लागतं. आणि पेट्रोलच्या दरात परभणीचा नंबर राज्यात कायम वरचा. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून इंधन टँकरने इथवर येतं आणि तो वाहतूकखर्च आपल्या पावतीत जमा होतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण निदान पंपावर तरी खरी ठरते. त्यामुळे इथे या छंदाचा हिशेब दुर्बिणीपासून नव्हे, गाडीपासून सुरू करावा. गाडी, दुर्बीण आणि जाणकार माणूस या तिन्ही गोष्टी वाटून मिळतात त्या पक्षिमित्रांच्या गटात. म्हणून एकट्याने सामान विकत घेत बसण्यापेक्षा आधी गट गाठणं स्वस्त पडतं.

हंगाम कोणता?

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर. या दिवसांत पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात आणि स्थानिक पक्ष्यांची विणीची लगबग सुरू झालेली असते. धरणांच्या फुगवट्यावर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या आणि नशीब असेल तर पट्टकादंबांचा थवा दिसतो. कांड्या करकोचे उत्तरेकडे निघण्याच्या तयारीत असतात. ज्वारीच्या रानात भोरड्या उतरतात आणि पळस, पांगारा, सावर फुलली की त्याच भोरड्या मधासाठी झाडावर गर्दी करतात. माळावर भोवत्या जमिनीलगत तरंगत फिरतो. गावातल्या वड-पिंपळावर हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, फळं खाताना सापडतो आणि तांबटाची टुकटुक दिवसभर चालू असते.

मार्चच्या मध्यानंतर ऊन चढतं. फेब्रुवारीच्या मध्यात इथे सूर्य साधारण पावणेसातनंतर उगवतो, मार्चच्या मध्यात साडेसहाच्या सुमारास. उजाडल्यापासून पहिले तीन तास मोलाचे. दहानंतर थांबून पक्षी वाढत नाहीत, फक्त पाण्याच्या बाटल्या वाढतात.

कुठे जायचं आणि किती खर्च?

खालचा हिशेब पेट्रोल लिटरला १०७ रुपये, मोटारसायकल लिटरला ५० आणि चारचाकी १५ किलोमीटर जाते असं धरून केला आहे. अंतरं परभणी शहरापासून जाऊन-येऊन, ढोबळ आहेत. दर बदलला तर आकडा त्या प्रमाणात बदलून घ्या.

• शहरातच: वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परिसर. झाडं, शेतं, पाणी सगळं एका जागी असल्याने नवख्याने सुरुवात इथूनच करावी. प्रक्षेत्रात शिरायचं असेल तर आधी परवानगी घ्या. खर्च: चहाचा.

• राहटी, पूर्णा नदी: सुमारे ३० किलोमीटर. मोटारसायकलला ६५ रुपये, दोघांत तेहतीस. खंड्या, कवड्या धीवर, शेकाट्या, धोबी, नदी सुरय यांच्यासाठी.

• निम्न दुधना, सेलूजवळ, किंवा मासोळी, गंगाखेडजवळ: सुमारे १०० किलोमीटर. मोटारसायकलला २१५ रुपये. चारचाकीला सातशेच्या वर, चौघांत १८०. सेलू आणि गंगाखेड दोन्ही रेल्वेवर आहेत. मात्र स्टेशनापासून पाण्यापर्यंतची रिक्षा आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

• येलदरी, जिंतूर तालुका: सुमारे १२० किलोमीटर. मोटारसायकलला २६० रुपये, दोघांत १३०. चारचाकीला साडेआठशे, चौघांत २१५. जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं पाणी पूर्णेवरचं हेच. भिंतीकडे जायचं तर धरणाच्या कार्यालयात विचारूनच. बदकं तशीही फुगवट्याच्या उथळ काठावर जास्त असतात.

एसटीने जायचं तर साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे येलदरीला एका बाजूने शंभरभर रुपये. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. अडचण वेळेची आहे: पहाटे पाण्यावर पोचवणारी गाडी मिळणं कठीण. एसटीने जाणाऱ्यांनी संध्याकाळची फेरी धरावी किंवा आदल्या रात्री जिंतुरात मुक्काम करावा. भाड्याची जीप घेणार असाल तर किलोमीटरचा दर, किमान किलोमीटर किती लावणार आणि थांबण्याचे पैसे वेगळे आहेत का, या तीन गोष्टी निघण्याआधी बोलून घ्या. पक्षी पाहणाऱ्यांची गाडी पळते कमी आणि थांबते जास्त. भांडण तिथेच होतं.

अभयारण्यात प्रवेशशुल्क, वाहनशुल्क, कॅमेराशुल्क लागू शकतं. वरच्या ठिकाणी तसली तिकीटखिडकी नाही. नांदूरमध्यमेश्वरला (रामसर यादीतलं पाणथळ) किंवा पैठणच्या जायकवाडी पक्षी अभयारण्याला जायची हौस जरूर असावी, पण ती दुसऱ्या वर्षी. पहिल्या हंगामात जिल्ह्याबाहेर जायची गरज पडत नाही.

गट कसा शोधायचा, काय विचारायचं?

महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग, वनपरिक्षेत्र कार्यालय किंवा ‘महाराष्ट्र पक्षिमित्र’ ही राज्यपातळीवरची संघटना, या तिघांपैकी कुणीतरी तुमच्या तालुक्यातल्या पक्षिमित्राचं नाव सांगतंच. बहुतेक गट व्हॉट्सॲपवर चालतात आणि रविवारी निघतात. पैसे घेतले तरी ते गाडी-नाश्त्याच्या वाटणीपुरते असावेत. सामील होण्याआधी एवढं विचारा:

१. वर्गणी आहे का, आणि ती कशासाठी?
२. पेट्रोलची वाटणी गाडीमागे की माणसामागे?
३. नवख्याला दुर्बीण मिळते का? गटाकडे स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची एकडोळी दुर्बीण) आहे का?
४. लहान मुलं चालतात का? परतायची वेळ कोणती?
५. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी कोण ठेवतं?

पाचवा प्रश्न नुसता उपचार नाही. यादी ठेवणारा गट पक्षी पाहतो. न ठेवणारा बऱ्याचदा सहल काढतो. सहलीत वाईट काही नाही, पण आपण कशासाठी पैसे देतोय ते कळलेलं बरं.

दुर्बीण: घाई करू नका

चार-पाच सकाळी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहा, मग खरेदी करा. नामांकित कंपनीची ८×४२ दुर्बीण साधारण सात-आठ हजारांपासून मिळते; पाण्याला आणि बाष्पाला दाद न देणारी दहा ते पंधरा हजारांत. ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घेतली तर हात थरथरला की पक्षीही थरथरतो, त्यामुळे नवख्याला आठच बरी.

जत्रेत किंवा ऑनलाइन हजार-पंधराशेला मिळणाऱ्या, ‘पन्नास पट झूम’ छापलेल्या दुर्बिणींपासून दूर राहा. त्यात चित्र अंधुक दिसतं, दोन्ही डोळ्यांचं चित्र जुळत नाही आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. दुकानात घेत असाल तर बाहेर उजेडात या आणि दूरच्या विजेच्या खांबाकडे पाहा. खांब दुहेरी दिसला किंवा कडेला जांभळी झालर दिसली तर ती दुर्बीण ठेवून द्या. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघून घ्या. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड सोडू नका.

धरणावर दूरची बदकं ओळखायला स्पॉटिंग स्कोप लागतो. तो आणि तिवई मिळून वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातात. ही खरेदी गटाने मिळून करावी. दहा जणांत एक पुरतो. पक्ष्यांच्या फोटोसाठी कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स यांचा खर्च सहज लाखापलीकडे जातो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. कॅमेरा आला की नजर पक्ष्यावरून पडद्यावर जाते.

फुकट मिळणाऱ्या गोष्टी

‘मर्लिन’ हे ॲप आवाजावरून आणि फोटोवरून पक्षी सुचवतं. ‘ई-बर्ड’वर यादी नोंदवता येते. दोन्ही मोफत. मर्लिनचा भारताचा पॅक मोठा असतो, तो घरीच वायफायवर उतरवून घ्या, रानात रेंजचा भरवसा नाही. ॲपने सुचवलेलं नाव म्हणजे निकाल नव्हे. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय यादीत लिहू नका. ‘अर्ली बर्ड’ उपक्रमाचं मुलांसाठीचं साहित्य मराठीतही आहे. पुस्तकांत मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ आणि किरण पुरंदरे यांचं ‘पक्षी : आपले सख्खे शेजारी’ आधी वाचनालयात शोधा.

फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ चालतो. पंधरा मिनिटं गच्चीवर उभं राहून मोजलेले पक्षीही त्यात चालतात. फी नाही.

एकूण बेरीज

पहिली सकाळ, राहटीला, दोघं एका गाडीवर: पेट्रोलचा वाटा ३५, चहा-नाश्ता ५०, वही-पेन ३०. एकूण ११५ रुपये.

पूर्ण हंगाम, सहा रविवार, तीन जवळचे आणि तीन लांबचे: जवळच्या फेरीला प्रत्येकी ८५, लांबच्या फेरीला, येलदरीचं पेट्रोल आणि खाण्याचे शंभर धरून, दुचाकीवर २३०, चारचाकीत ३१५. एकूण साडेनऊशे ते बाराशे रुपये. धपाटे आणि ठेचा घरून नेला तर त्याहून कमी.

दुर्बीण घेतली तर वर आठ हजार. ती नीट वापरली तर दहा वर्षं सहज जाते, म्हणजे वर्षाला आठशे.

पैशात न मोजले जाणारे नियम

मळकट रंगाचे कपडे आणि बाभळीच्या काट्यांना पुरेसे बूट घाला. भोरड्या पाहायला बांधावर जायचं तर शेतकऱ्याला विचारा. तो गोफण घेऊन उभा आहे तो त्याच थव्यासाठी. तुमचा आनंद हे त्याचं नुकसान आहे, हे ध्यानात ठेवून बोला. मार्चपासून टिटवी उघड्या जमिनीवर आणि नदी सुरय वाळूच्या बेटांवर अंडी घालतात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला की आल्या पावली मागे फिरा. घरटं हलवणं, अंडी उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या काळात त्याने जोडी बिथरते.

थोडक्यात निवाडा असा: हातात दोनशे रुपये असतील तर येत्या रविवारी राहटीला जा, आठ हजार असतील तरीही आधी राहटीलाच जा. आणि चारचाकीतली एखादी जागा रिकामी असेल तर ती शेजारच्या शाळकरी मुलाला द्या. पेट्रोल तेवढंच लागतं.