दुबळे हृदय आणि उरलेले दिवस

शास्त्रभाग : यशया ३८:१-८, २१, २ राजे २०:१-७

बीदर व कलबुर्गी ह्या सीमाभागातील मंडळ्यांत आजाऱ्यांच्या भेटीस गेले असता एक प्रसंग आम्हांला वारंवार दिसतो. भालकी असो, औराद असो की आळंद, घर बदलते, प्रसंग तोच. आत खाटेवर वडील दोनतीन उशांना टेकून बसलेले असतात, कारण आडवे झाले की दम कोंडतो. पाय सुजलेले असतात. प्रार्थना आटोपून आम्ही निघालो की थोरला मुलगा उंबऱ्याबाहेर येतो व हळूच म्हणतो, "हार्ट फार वीक झालंय. पंपिंग पंचवीसच टक्के आहे म्हणे. किती दिवस आहेत हे कुणी नीट सांगत नाही. तुम्ही मात्र बाबांना काही बोलू नका."

किती दिवस, आणि सांगू नका. ह्या दोन गोष्टींचा आज विचार करू या.

प्रथम तो पंचवीसचा आकडा. निरोगी हृदयदेखील आपल्यातले सगळे रक्त एका ठोक्यात बाहेर टाकीत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. तेव्हा पंपिंग पंचवीस म्हणजे आयुष्य रुपयातले चार आणे उरले, असा त्याचा अर्थ नव्हे. चाळिसाच्या खालचे हृदय अशक्त खरे, परंतु योग्य औषधांनी काहींचा आकडा वर चढतो. उलट पंपिंग ठीक असूनही हृदय ताठर झाल्यामुळे दम लागणारे रोगीही पुष्कळ आहेत. आजार फार पुढे गेला हे इतर गोष्टींवरून कळते : बसल्या जागी दम लागणे, औषधे चालू असता पुन्हा पुन्हा भरती व्हावे लागणे, मूत्रपिंडे थकणे, रक्तदाब इतका उतरणे की औषधेच सोसेनाशी होणे.

अशांचे आयुष्य किती? केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली हृदय निकामी होऊन भरती झालेल्या १,२०५ रोग्यांची नोंद ठेवण्यात आली. त्यांपैकी सुमारे ३१ टक्के वर्षाच्या आत वारले व सुमारे ५९ टक्के पाच वर्षांत. म्हणजे शंभरांतील चाळीसजण पाच वर्षांनंतरही हयात होते. अगदी शेवटच्या पायरीवरील रोग्यांची गोष्ट कठीण आहे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदयारोपण करणे शक्य नसलेल्या व केवळ औषधांवर असलेल्या रोग्यांपैकी वर्षभर जगले ते चौथा हिस्सा. त्यानंतर औषधे सुधारली आहेत. पण हे सर्व आकडे अनेकांचे मिळून काढलेले असतात. त्यांत आपले बाबा कोणते, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ते टाळाटाळ करतात असे समजू नये.

शिवाय ह्या आजाराची चाल फसवी आहे. रोगी एकदम खालावतो, भरती होतो, पाण्याची औषधे लागू पडतात, आणि आठवड्याने अंगणात बसून भाकरी खातो. घरचे म्हणतात, आता बरे आहेत, कशाला तो विषय? पुन्हा खालावले की म्हणतात, आता बोलण्याची ही वेळ आहे काय? अशा रीतीने बोलणे राहून जाते. काहीजण तर हृदयाची लय बिघडून अचानक जातात.

हिज्कीयाची गोष्ट येथे लक्षपूर्वक वाचावी. यशयाने मरणाची वार्ता दाराबाहेर नातलगांना सांगितली नाही. आजारी राजालाच सांगितली, आणि घराची निरवानिरव करावयास सांगितले. राजा भिंतीकडे तोंड करून रडला. रडू द्यावे, त्यात अविश्वास नाही. त्याला पंधरा वर्षे मिळाली, तरी अंजिरांची ढेप गळवावर बांधावी लागलीच. प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद केलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या प्रेतयात्रेसही गेलो आहोत. तसेच, पंधरा वर्षांचे वचन हिज्कीयाला मिळाले होते. प्रत्येक खाटेपाशी ते देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

उपचाराची सोय आता पूर्वीइतकी दूर राहिली नाही. कलबुर्गी येथे जयदेव हृदयरोग संस्थेचे ३७१ खाटांचे रुग्णालय डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले, व बीदरहून कलबुर्गीस २०१७ पासून रेल्वे जाते. घरी मीठ, पापड, लोणचे कमी करावे व रोज सकाळी वजन करावे. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढले तर अंगात पाणी साचत आहे असे समजून लगेच डॉक्टरांकडे जावे.

आता बोलावे कसे? सगळे एकदम ओतू नये. "बाबा, आजाराबद्दल तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे?" एवढे विचारावे. पुष्कळदा कळते की त्यांना सारे ठाऊक आहे; मुलांना वाईट वाटेल म्हणून तेच गप्प होते! मग विचारावे : कसली काळजी वाटते? शेवटी दवाखान्यात राहायचे की घरी? कोणाशी समेट करायचा राहिला आहे? आशा नसता यंत्रावर ठेवू नये अशी इच्छा असेल, तर शुद्धीत असतानाच दोन साक्षीदारांसमोर लिहून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ह्यास मान्यता दिली, २०२३ साली रीत सोपी केली, आणि कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये त्याबाबत आदेश काढला. हे विष देऊन मारणे नव्हे, हे मंडळीत समजावून सांगावे लागते. दम व वेदना कमी करण्याचे उपचार तर शेवटपर्यंत चालूच राहतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गातले मूल विचारील, "आम्ही रोज प्रार्थना करतो, मग आजोबा बरे होतील ना?" तेव्हा "नक्की होतील" असे म्हणू नये. आजोबा फार आजारी आहेत, डॉक्टर औषध देत आहेत आणि देव त्यांच्याजवळ आहे, इतके खरे सांगावे. आणि पुढच्या रविवारचे पाठांतर त्याने आधी आजोबांना म्हणून दाखवावे.