गणनेचें काम भाड्यानें

कोणताही धंदा घेतला तरी त्यांत दोन प्रकारचीं कामें असतात. ज्यासाठीं तो धंदा निघाला तें पहिलें काम. आणि तें पहिलें सुरळीत चालावें म्हणून जें करावेंच लागतें तें दुसरें. कापडाच्या गिरणीचें पहिलें काम कापड विणणें हें होय. परंतु मागांस गति देणारी शक्ति, कामगारांचे पगार, मालाची नोंद, जमाखर्च हीं सर्व दुसऱ्या प्रकारचीं कामें. ह्यांपैकीं कोणतीं घरीं ठेवावीं व कोणतीं मोल देऊन बाहेरून करवून घ्यावीं, हा प्रश्न व्यापाऱ्यास फार जुना आहे. संगणकाच्या बाबतींत ह्या प्रश्नाचें उत्तर गेल्या सुमारें ७५ वर्षांत कसें बदलत गेलें, आणि त्या बदलांत कोणती गोष्ट मात्र बदलली नाहीं, ह्याचा विचार आम्हीं ह्या लेखांत योजिला आहे.

आरंभीं आपल्या परिचयाचें एक उदाहरण घेऊं. मुंबईच्या कापडगिरण्या प्रथम वाफेवर चालत. प्रत्येक गिरणीचें स्वतःचें बाष्पयंत्र, स्वतःची भट्टी, स्वतःचा कोळसा व स्वतःचें उंच धुराडें असे. १९१५ सालीं खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत्केंद्रांतून मुंबईस वीज येऊं लागली. लोणावळ्याच्या बाजूस अडविलेलें पाणी मोठ्या नळांतून घाटाखालीं सोडून ही वीज उत्पन्न करीत. गिरणीमालकास आतां शक्ति घरीं निर्माण करण्याचें कारण उरलें नाहीं. जेवढी वीज वापरावी तेवढी मीटरवर मोजून तिची किंमत दिली म्हणजे झालें. संगणकाच्या बाबतींतही पुढें हेंच घडलें. परंतु ह्या दोहोंत एक मोठा भेद आहे. तो आम्ही यथाक्रम सांगूं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडन शहरांत जे. लायन्स आणि कंपनी ही चहाचीं दुकानें चालविणारी व केक-बिस्किटें करून विकणारी मोठी पेढी होती. केंब्रिज विश्वविद्यालयांत त्या सुमारास एडसॅक नांवाचा संगणक तयार होत होता. ह्या पेढीनें त्या कामास ३,००० पौंडांचें साहाय्य केलें, आणि त्याच धर्तीवर 'लिओ' नांवाचें स्वतःचें यंत्र बांधविलें. १९५१ सालीं लिओनें बेकरीच्या मालाच्या किंमतीचा हिशेब नियमितपणें करण्यास आरंभ केला. पगाराच्या ज्या आकडेमोडीस अनुभवी कारकुनास दर माणसामागें सुमारें ८ मिनिटें लागत, ती हें यंत्र दीड सेकंदांत करी. असें यंत्र प्रत्येक कारखान्यास परवडणारें नव्हतें. तथापि त्याच्या कामाची गरज मात्र अनेकांस होती. १९५६ सालीं फोर्ड मोटार कंपनीच्या इंग्लंडांतील कामगारांच्या पगाराचे हिशेब लायन्सच्या यंत्रावर होऊं लागले. मोटारी करणाऱ्यांचा पगार चहा विकणाऱ्यांनीं मोजून द्यावा, हें ऐकून विद्यार्थ्यांस हसूं येईल. परंतु गणना ही भाड्यानें मिळणारी सेवा होऊं शकते, हें ह्याच व्यवहारानें दाखवून दिलें.

हा विचार मग विद्वानांनींही उचलला. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेच्या शताब्दिमहोत्सवांत बोलतांना जॉन मॅकार्थी ह्यांनीं, टेलिफोनप्रमाणें गणना हीसुद्धां एक दिवस सार्वजनिक सेवा होईल, असें भाकीत केलें. आपल्याकडेही यंत्र थोडीं व गरजू फार अशी स्थिति होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सी. डी. सी. ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हां इतर संस्थाही आपलीं गणितें तेथें आणून सोडवून घेत. १९६८ सालीं मुंबईस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली. टाटांच्याच पोलाद कंपनीचें पंच-कार्डांचें काम करून देणें हें तिच्या आरंभींच्या कामांपैकीं एक होतें.

पुढें यंत्रें लहान व स्वस्त झालीं, आणि जो तो आपला संगणक आपल्या कचेरींत ठेवूं लागला. परंतु त्याबरोबर त्याची निगाही गळ्यांत पडली. यंत्रासाठीं थंड खोली, अखंड वीज, दुरुस्तीस माणूस, चार-पांच वर्षांनीं जुन्याच्या जागीं नवें यंत्र, हें सर्व ज्याचें त्यास पाहावें लागे. इतक्यांत इंटरनेटचें जाळें सर्वत्र पसरलें आणि पारडें पुन्हां भाड्याच्या बाजूस झुकलें. १९९९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें निघालेल्या सेल्सफोर्स कंपनीनें ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचें साधन इंटरनेटवरून वर्गणीनें देण्यास आरंभ केला. २००६ सालीं ॲमेझॉन कंपनीनें मार्च महिन्यांत माहितीच्या सांठ्याची जागा, व ऑगस्टमध्यें खुद्द संगणकच भाड्यानें देऊं केला; त्याचा आरंभींचा दर तासास १० सेंट इतका होता. ह्या पद्धतीसच लोक 'क्लाउड' म्हणतात. नांव मेघाचें असलें तरी यंत्रें आकाशांत नसून जमिनीवरील भक्कम इमारतींत असतात, हें ध्यानांत ठेवावें. ॲमेझॉनचीं अशीं केंद्रें २०१६ पासून मुंबई विभागांतही आहेत.

ह्या सेवेचे तीन प्रकार मानितात. ते समजण्यास लग्नघरचा स्वयंपाक आठवावा. नुसतीं भांडीं व चुली भाड्यानें आणून स्वयंपाक आपण केला, तर तो पहिला प्रकार. येथें केवळ यंत्र व जागा दुसऱ्याची असते. चूल पेटवून, भांडीं मांडून सर्व सज्ज ठेविलेलें आहे आणि आपण फक्त आपला पदार्थ करावयाचा, हा दुसरा. येथें कार्यक्रम लिहिण्याची सर्व सिद्धता तयार मिळते. आणि जेवणाचा मक्ता देऊन वाढलेल्या पानावर बसणें हा तिसरा; येथें जमाखर्चाचें वा पत्रव्यवहाराचें तयार साधनच वर्गणीनें मिळतें.

भाड्यांत लाभ कोणता, तो एका सोप्या गणितानें पाहूं. परीक्षेच्या निकालाचा दिवस घ्या. त्या दिवशीं लक्षावधि मुलें एकाच वेळीं आपले गुण पाहूं इच्छितात. दुसऱ्या दिवशीं तेथें फारसें कोणी फिरकत नाहीं. समजा, १० तासांपुरतीं १०० यंत्रें लागतात. तीं विकत घेतलीं तर वर्षभर बहुतेक रिकामीं पडून राहतील. भाड्यानें घेतलीं तर १०० गुणिले १० म्हणजे १,००० तासांचेंच मोल पडेल. आणि एकच यंत्र १,००० तास, म्हणजे सुमारें ४२ दिवस, चालविलें तरी तितकेंच पडतें. उलटपक्षीं ज्याचें काम बाराही महिने एकसारखें आहे, त्यास भाडें महाग पडूं शकतें. २०२२ सालीं अमेरिकेंतील ३७सिग्नल्स ह्या कंपनीनें ह्याच कारणास्तव क्लाउड सोडून स्वतःचीं यंत्रें घेण्याचा निर्णय जाहीर केला. तात्पर्य, भाडें कीं मालकी हा हिशेबाचा प्रश्न आहे, चालरीतीचा नव्हे.

आतां वर सांगितलेल्या भेदाकडे वळूं. विजेच्या तारेंतून आपल्याकडे शक्ति येते. आपल्या घरची कोणतीही वस्तु त्या तारेनें बाहेर जात नाहीं. गणनेचें तसें नाहीं. येथें आपली वही, आपल्या ग्राहकांचीं नांवें, आपल्या कामगारांचे पगार, रुग्णांचीं दुखणीं हें सर्व दुसऱ्याच्या इमारतींत जाऊन राहतें. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथें ओव्हीएच कंपनीच्या माहितीकेंद्रास आग लागून एक इमारत जळून गेली. ज्या ग्राहकांनीं दुसरी प्रत अन्यत्र ठेविली होती, ते पुन्हां उभे राहिले. ज्यांनीं ठेविली नव्हती, त्यांपैकीं कित्येकांची माहिती कायमची नष्ट झाली. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या संगणक-संरक्षण कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले. त्या दिवशीं आपल्या देशांतील विमानतळांवर हातानें लिहिलेले प्रवेशपास देण्याची वेळ आली. ज्यांस कागद-लेखणीनें काम पुढें नेतां आलें, त्यांचेंच काम चाललें.

ह्यावरून एक गोष्ट निश्चित ठरते. काम दुसऱ्यास देतां येतें. जबाबदारी देतां येत नाहीं. पगार चुकला तर कामगार यंत्राच्या मालकाकडे जाणार नाहीं, तो आपल्या धन्याकडेच येईल. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांतही हेंच तत्त्व आहे: माहितीवरील काम दुसऱ्याकडून करविलें, तरी ज्यानें तें करविलें त्याचें उत्तरदायित्व सुटत नाहीं.

म्हणून ज्या पालकांचीं दुकानें, दवाखाने वा लहान कारखाने आहेत, त्यांनीं अशी सेवा घेण्यापूर्वीं चार प्रश्न अवश्य विचारावे. आमच्या माहितीची दुसरी प्रत कोठें आहे? ती कोणास पाहतां येते? सेवा एक दिवस बंद पडल्यास आम्हीं काय करावें? आणि उद्यां आम्हीं दुसरीकडे जाऊं म्हटलें, तर आमची माहिती आम्हांस कोणत्या रूपांत परत मिळेल? ह्या प्रश्नांचें उत्तर लेखी मिळाल्याखेरीज पुढें जाऊं नये.

विद्यार्थ्यांसही ह्यांत बोध आहे. हिशेब यंत्र करतें, मग गणित कशास शिकावें, असें कित्येक मुलें विचारतात. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, दुसऱ्याकडून काम करवून घेणारास त्या कामाची पारख असावी लागते. ज्यास पगारपत्रक वाचतां येत नाहीं, त्यास तें चुकलें हें कसें कळावें? यंत्र भाड्यानें मिळेल, जागा मिळेल, कुशल माणसेंही मिळतील. परंतु आलेलें उत्तर बरोबर कीं चूक हें ओळखणारी बुद्धि कोणत्याही बाजारांत भाड्यानें मिळत नाहीं. ती शाळेंत असतांनाच अभ्यासानें मिळवावी लागते.