कवाडाचा रंग, बैठकीचा पोत



वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावी जुन्या घराची बैठक नव्याने लावू पाहणाऱ्या माझ्या भाचीने रंगाचा डबा आणण्यापूर्वी भिंतीवरून एकदा हात फिरवावा. वऱ्हाडात शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात, आणि जुन्या भिंतीही पांढऱ्या मातीच्या असत, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते आणि भिंत धरून ठेवीत नाही. अशा मातीच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट चढवला की आतल्या ओलीची वाट बंद होते आणि पापुद्रे सुटू लागतात. म्हणून भिंतीला चुनाच द्यावा आणि रंगाची सारी हौस कवाडांवर भागवावी.

कवाड मात्र आधी ओळखावे. चौकट सागवानी असेल आणि तिच्या गणेशपट्टीवर, म्हणजे गणपती कोरलेल्या वरच्या आडव्या लाकडावर, नक्षी शिल्लक असेल, तर तिला रंग लावणे ही चूकच होय. तिला तेल पाजावे आणि रंग साध्या फळ्यांना द्यावा. कडीकोयंड्याभोवतीचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी गुळगुळीत झालेले असते, तेवढा वितभर भाग उघडा ठेवला तर शेजारचा निळा किंवा हिरवा रंग अधिक खुलतो.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये, हे तिने कटाक्षाने पाळावे. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत 90 भागांवर आणणारा नियम 2016 साली निघाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि घासताना उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, मुलांना दूर ठेवावे, ओली धूळ पुसून घ्यावी, मग प्रायमर आणि वर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. हे काम पावसाळ्यात काढू नये, कारण तेव्हा लाकूड फुगलेले असते.

उरतो तो पोत. हा शब्द मुळात कापडाचा. वस्तूची वीण, खरखर किंवा मऊपणा जो हाताला कळतो आणि डोळ्यालाही, तो पोत. पोतांचे थर लावणे म्हणजे वस्तूंची गर्दी नव्हे, तर एकाच्या अंगावर दुसरा वेगळा पोत येणे: थंड, सपाट शहाबादी फरशीवर सिंदीच्या पानांची चटई, तिच्यावर खरखरीत काळी घोंगडी, बाजूला अंबाडीच्या दोरीने विणलेली बाज आणि तिच्यावर धुऊन मऊ झालेली सुती गोधडी. चटईवर दुसरी चटई टाकली तर थर होत नाही. या साऱ्या वस्तू मातकट रंगाच्या असतात, म्हणूनच एक रंगीत कवाड साऱ्या बैठकीला पुरते.

चौकटीसाठी जवसाचे तेल घ्यावे, जे विदर्भाच्याच पिकाचे आहे. ते पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निघते, त्यामुळे तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. भाचीने त्या चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात. जिथे कापूस साठवला आहे अशा खोलीत तर त्या क्षणभरही ठेवू नयेत.