मिनी डोनट मशीन घेतलं, पण डबा कितीला विकायचा?



मागच्या व्हिडिओत आपण इलेक्ट्रिक डोनट मेकरवर मिनी डोनट करून बघितले. पण व्हिडिओत फक्त हात दिसतात, हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊनच वाचा.

माझं केक मटेरियलचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "ताई, हे मशीन घेतलं तर धंदा होईल ना?" होईल. पण आधी माझी पहिली ऑर्डर कशी बुडाली ते ऐका.

वाढदिवसाची ऑर्डर होती. १०० नग, एक नग ६ रुपयांना. दर कसा काढला? शेजारच्या बेकरीतला मोठा डोनट बघून, अंदाजाने. वेळ किती लागेल तेही मोजलं नव्हतं. शेवटी घाई झाली, कोमट डोनटच चॉकलेटमध्ये बुडवले, डब्यात एकावर एक रचले आणि झाकण लावलं. तासाभराने पार्टीत डबे उघडले, तर आत पाणी सुटलेलं, चॉकलेट झाकणाला चिकटलेलं. ६०० रुपये परत केले. माल गेला, संध्याकाळ गेली, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते, पण स्वतःच्या ओट्यावर ते लावायचं सुचलं नव्हतं!

१. मशीन काय करतं, काय नाही

साधारण घरगुती मशीनमध्ये एका वेळी ७ मिनी डोनट होतात. हा डोनट केकसारखा असतो, बेकिंग पावडरवर फुगणारा. बेकरीतला यीस्टचा, तळलेला, लुसलुशीत डोनट यात होत नाही. ऑर्डर घेतानाच सांगा, "हे बेक केलेले मिनी डोनट आहेत, तळलेले नाहीत." काही गिऱ्हाइकांना तेच आवडतं. पण म्हणून लगेच "हेल्दी" म्हणून विकू नका. मैदा आणि साखर त्यातही आहेच.

२. बिनअंड्याचं प्रमाण (२१ नग, म्हणजे ३ घाणे)

- मैदा १३० ग्रॅम
- पिठीसाखर ७० ग्रॅम
- दही ६० ग्रॅम
- दूध ११० मिली
- तेल ३० मिली
- बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा आणि मीठ चिमूटभर
- व्हॅनिला इसेन्स अर्धा छोटा चमचा

दही, साखर, तेल आणि दूध आधी एकजीव करा. मग कोरडं साहित्य चाळून घाला. पीठ फार फेटू नका, डोनट चिवट होतात. इडलीच्या पिठाइतकं दाट ठेवा. बेकिंग पावडर घातलेलं पीठ तासभर ठेवून चालत नाही, म्हणून मोठी ऑर्डर असली तरी एकदम सगळं न भिजवता एवढ्याच प्रमाणात पुन्हा पुन्हा करा.

मशीन झाकण लावून ५ मिनिटं तापवा. ब्रशने तेलाचा हलका हात फिरवा. पीठ पायपिंग बॅगने किंवा सॉसच्या बाटलीने सोडा, चमच्याने नको. साचा पाऊणच भरा, मधल्या उंचवट्यावर पीठ जाऊ देऊ नका, नाहीतर भोक बुजतं. पहिली ३ मिनिटं झाकण उघडायचं नाही. साधारण ४ मिनिटांनी टूथपिक घालून बघा. काढताना लाकडी काडी वापरा. सुरी किंवा काटा लावलात तर नॉनस्टिक गेलंच समजा.

डोनट जाळीवर किमान अर्धा तास गार करा. हाताला अजिबात कोमट लागता कामा नये. मगच कंपाउंड चॉकलेटमध्ये बुडवा. चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नका, घट्ट गोळा होतो. चॉकलेट पूर्ण सुकल्यावर डब्यात एकाच थरात ठेवा.

काम झालं की प्लग काढा, मशीन गार होऊ द्या आणि ओल्या फडक्याने पुसा. नळाखाली कधीच धरू नका.

३. वेळ मोजा

भरणं, भाजणं, काढणं धरून एका घाण्याला ६ मिनिटं लागतात. १०० नगांसाठी १५ घाणे, म्हणजे दीड तास. पीठ भिजवणं, बुडवणं, पॅकिंग आणि साफसफाई यांचे आणखी दोन तास. एकूण साडेतीन तास. गार व्हायचा वेळही लक्षात ठेवून, संध्याकाळी ६ ची ऑर्डर असेल तर दुपारी १ ला मशीन तापलेलं हवं.

४. ६ नगांच्या डब्याचा हिशोब

खालचे भाव उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गावातले भाव टाका.

२१ नगांचं पीठ ३० रुपये, चॉकलेट (१०० ग्रॅम) ३० रुपये, वरची सजावट ५ रुपये. एकूण ६५. म्हणजे एका नगाला ३ रुपये १० पैसे.

आता एक डबा:

- माल: १९ रुपये
- डबा आणि स्टिकर: १२ रुपये
- वीज: १ रुपया
- तुटफूट: २ रुपये
- तुमची मजुरी: १७ रुपये

मजुरी कशी काढली? ताशी ८० रुपये धरले, तर साडेतीन तासांचे २८० झाले. १०० नगांत वाटले तर नगाला २.८० आणि ६ नगांना १७ रुपये.

एकूण ५१ रुपये. आता सांगा, "५० ला देते, लोक पटकन घेतील" म्हणणाऱ्या ताईंना काय सुटतं? नफा सोडाच, स्वतःची मजुरीही एक रुपया कमी. त्यांना मात्र वाटतं की १६ रुपये सुटले.

तोच डबा ८० ला विकला तर २९ रुपये उरतात. २००० रुपयांचं मशीन धरलं तर साधारण ७० डब्यांत ते वसूल. दुकानात २० टक्के कमिशनवर ठेवलात तर १६ रुपये दुकानदाराचे, तुम्हाला १३. म्हणून सुरुवात ओळखीतल्या थेट ऑर्डरींनी करा.

"महाग आहे" असं कुणी म्हटलं तर दर पाडू नका. ४ नगांचा छोटा डबा काढा.

५. विकण्याआधी

घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. फॉस्कॉस पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करा, १४ अंकी क्रमांक मिळतो. लेबलवर तो क्रमांक, पदार्थाचं नाव, घटक, तयार केल्याची तारीख आणि शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह टाका. हे लेबल बघूनच सोसायटीतलं अनोळखी गिऱ्हाईकही विश्वासाने घेतं.

गृहपाठ

या आठवड्यात एकच काम. ३ घाणे करा, मोबाइलवर वेळ लावा, प्रत्येक वस्तू वजन करून वहीत लिहा. ६ नग डब्यात बंद करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खाऊन बघा. चव उतरली असेल तर "त्याच दिवशी खा" असं लेबलवर लिहा. मग तुमचा दर काढा.

तो आकडा वहीत येईपर्यंत एकही ऑर्डर घेऊ नका. अगदी नणंदेच्या मुलाच्या वाढदिवसाचीसुद्धा!

भेटू पुढच्या व्हिडिओत.