कान उघडे, हात आवरता

भाचेबुवा, सोमवारपासून तू कुरकुंभला हायड्रोजनेशनवर उभा राहणार. ताईने तुझ्या पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घातली आहे, मी ही चार पानं घालतो. तिसगावचा माणूस मढीला जाऊन मोठा होतो. तिथले कानिफनाथ हत्तीच्या कानातून प्रकटले, ही गोष्ट तुला मी सांगायला नको. पण कोकणातल्या कारखान्यात माझी सगळी नोकरी कानावरच निघाली, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.

आधी काम समजून घे. नायट्रोबेंझीनमधल्या नायट्रोचे ऑक्सिजन काढायचे, तिथे हायड्रोजन बसवायचा, की झालं अ‍ॅनिलिन. हे नाव आपल्या निळीवरून पडलेलं, कारण जुन्या रसायनज्ञांनी ते पहिल्यांदा नीळ तापवून काढलं होतं. पुढे १८५४ मध्ये बेशां या फ्रेंच माणसाने बिडाचा चुरा आणि आम्ल वापरायची रीत आणली. त्यात मालापेक्षा जास्त काळा गाळ निघायचा. हायड्रोजनच्या रीतीत अ‍ॅनिलिनशिवाय फक्त पाणी उरतं. आपल्याकडे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने रसायनीला नायट्रोबेंझीन आणि अ‍ॅनिलिन काढलं. कोकणपट्टीतल्या कितीतरी पोरांची ‘बेंझीन’शी पहिली ओळख तिथे झाली.

पहिला मंत्र: खुरपणी आठव. बाजरीत खुरपं चालवताना गवत निघालं पाहिजे आणि रोप राहिलं पाहिजे. पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीनपासून पॅरा-क्लोरोअ‍ॅनिलिन करताना हेच करायचं असतं. नायट्रो हे तण, क्लोरीन हे पीक. पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट फार तडफदार, तो क्लोरीनही उपटून टाकतो. म्हणून इथे प्लॅटिनम घेतात, आणि तेही थोडं गंधक चढवलेलं. मारक्या बैलाला वेसण घालावी तसं. एरवी हेच गंधक कच्च्या मालातून आलं तर कॅटॅलिस्ट मरतो. औषधाचं विष होतं ते मात्रेवरून.

एकदा आमच्याकडे घाईत चुकीच्या डब्यातला कॅटॅलिस्ट चढवला. बॅच झकास धावली, सगळे खूश. सॅम्पल आलं तेव्हा कळलं, निम्मा माल साधं अ‍ॅनिलिन झाला होता, आणि सुटलेल्या क्लोरीनचं आम्ल होऊन स्टेनलेसला खड्डे पडले होते. तेव्हापासून डब्यावरचं लेबल मी मोठ्याने वाचायचो आणि जोडीदाराला ऐकवायचो. तूही वाच. लाजू नकोस.

दुसरा मंत्र: सहा किलोचा हिशोब खिशात ठेव. १२३ किलो नायट्रोबेंझीनला ६ किलो हायड्रोजन लागतो. ९३ किलो अ‍ॅनिलिन आणि ३६ किलो पाणी मिळतं. १५७ किलो पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीनलाही ६ किलोच. बॅच सुरू होण्याआधी आजचा आकडा लॉगबुकच्या कोपऱ्यात लिहून ठेव. हिशोबापेक्षा जास्त गॅस गेला तर एकतर कुठे गळती आहे, नाहीतर खुरपं पिकाला लागलं आहे. कमी गेला आणि तरीही प्रेशर पडायचं थांबलं, तर जास्त सावध हो.

कारण नायट्रो एका उडीत अमाईन होत नाही. मध्ये हायड्रॉक्सिलअमाईन नावाचा टप्पा असतो. कॅटॅलिस्ट थकला, हायड्रोजन कमी पडला किंवा ढवळणं नीट झालं नाही, की हा माल रिअ‍ॅक्टरमध्ये साचत जातो आणि तापला की स्वतःच फुटू लागतो. अशा वेळी ‘बॅच अडली’ म्हणून स्टीम उघडायची नाही. एका रात्रपाळीत आमच्या एका गड्याने उघडली. टेम्परेचरचा काटा थांबेचना, शेवटी रप्चर डिस्क फाटली. माणसं वाचली, एवढंच. गंमत म्हणजे हाच टप्पा आम्लात मुद्दाम धरला तर पॅरा-अमिनोफिनॉल मिळतं आणि त्याचं पुढे पॅरासिटामॉल होतं.

तिसरा मंत्र: उष्णतेला हलकं समजू नकोस. त्या १२३ किलोतून सुटणारी उष्णता दीड हजार लिटरहून जास्त गार पाण्याला उकळी आणेल. म्हणून हायड्रोजन उघडण्याआधी कूलिंगचं पाणी खरंच वाहतंय का, ते पाइपला हात लावून बघ. आणि कान अ‍ॅजिटेटरकडे ठेव. तो थांबला की कॅटॅलिस्ट तळाला बसतो, गॅस वर राहतो, गेज शांत दिसतं. ती शांतता खोटी. आधी हायड्रोजन बंद, कूलिंग चालू, मग शिफ्ट इन्चार्जला हाक. आपल्या मनाने अ‍ॅजिटेटर पुन्हा सुरू करायचा नाही, साचलेलं सगळं एकदम पेटून उठतं.

चौथा मंत्र: रॅनी निकेल हा कॅटॅलिस्ट पाण्यातच ठेवायचा. नवा होतो तेव्हा वस्तादांनी त्याचा चिमूटभर ओला काळा गाळ कापसाच्या चिंधीवर ठेवला आणि ती उन्हात पायरीवर टाकली. आम्ही चहा घेत होतो. पाणी सुकलं, कडेला लाल ठिपका उमटला, मग धूर, मग चिंधीला भोक. त्या जागी मिथेनॉलची वाफ असती तर? म्हणून फिल्टरचा केक सुकू देऊ नकोस, आणि नायट्रोजन दिल्याशिवाय मॅनहोल उघडू नकोस. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, आणि दिवसा त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही. फ्लँजपाशी बारीक फुस्स ऐकू आलं तर पुढे हात नेऊ नकोस, मागे सर.

पाचवा मंत्र अंगाचा. अ‍ॅनिलिन, नायट्रोबेंझीन कातडीतून आत जातं, जळजळही होत नाही. ओठ निळसर दिसले, डोकं दुखायला लागलं, तर घरी जाऊन झोपायचं नाही, दवाखाना. अंगावर उडालं तर कपडे, बूट तिथेच उतरव आणि साबण लावून साध्या पाण्याने धू. कढत पाणी नको, त्याने ते जास्त शोषलं जातं. भिजलेला चामडी बूट पुन्हा घालायचा नाही. आणि त्या संध्याकाळी मित्रांनी कितीही आग्रह केला तरी दारू नको, तिने विष चढतं.

पहिली बॅच उतरली की फोन कर. माल किती निघाला ते ताईला सांग. मला सांग, हायड्रोजन किती लागायला हवा होता आणि किती लागला.