अॅल्युमिनियमच्या शेतसामानाची झीज व निर्धोक लेप

अॅल्युमिनियमला गंज चढत नाही, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत आहे. लोखंडासारखा तांबडा गंज त्यावर दिसत नाही हे खरे. परंतु पांढरी भुकटी साचून तिच्याखाली बारीक छिद्रे पडलेली तुषार सिंचनाची जुनी नळी ज्याने पाहिली असेल, त्याला ही समजूत किती अपुरी आहे ते सांगावयास नको.

हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तोच त्याचे कवच होय. सामू साधारणपणे ४ ते ८.५ या मर्यादेबाहेर गेला की हे कवच विरघळू लागते. म्हणून चुन्याची निवळी व धुण्याचा सोडा यांपासून असे सामान जपावे. मोरचूद मात्र याहून घातक. द्राक्षबागेत केवड्यावर फवारण्याच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद व चुना दोन्ही लागतात. मोरचुदातील तांबे अॅल्युमिनियमवर बसते आणि ओलाव्यात या दोन धातूंचा जणू विद्युत्‌घटच तयार होऊन अॅल्युमिनियम खाल्ले जाते. यास्तव मिश्रण प्लॅस्टिकच्या पिंपातच करावे. नळीला पितळी जोड थेट बसविल्यानेही हेच घडते. मध्ये रबराचे अस्तर द्यावे.

कारखान्यात हे कवच मुद्दाम जाड करता येते. धातू सौम्य गंधकाम्लात ठेवून वीज सोडतात व नंतर उकळत्या पाण्यात पापुद्र्याची छिद्रे बुजवितात. यास अॅनोडायझिंग म्हणतात. दुसरी जुनी रीत पिवळसर क्रोमेट लेपाची. लेप उत्तम टिके, पण त्यातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. लेप देणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांना त्याचा धोका, आणि सांडपाणी मुरल्यास विहिरींनाही. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायॉक्साइड विशेष परवानगीवाचून वापरता येत नाही. त्याऐवजी त्रिसंयुजी क्रोमियम किंवा झिर्कोनियम व टायटॅनियम यांचे लेप प्रचारात आले आहेत. हे बहुधा रंगहीन असतात. तेव्हा पिवळी झाक नाही म्हणून माल हलका समजू नये.

जुन्या सामानाच्या रंगाखाली हिरवट पिवळा अस्तररंग दिसल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. तो कोरडा घासू नये, त्यावर ज्योतही धरू नये. तोंडावर धूळरोधक मुखपट्टी बांधून ओल्या कागदाने घासावा. निघालेला चिखल उकिरड्यात अथवा शेतात टाकू नये, कारण क्रोमियम खताबरोबर जमिनीत जाते.