वाड्याचे छप्पर

तासगावच्या गणेशमंदिराचे सात मजली गोपुर दुरूनच दृष्टीस पडते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकात हे मंदिर उभारले. त्या काळी देशावर ठिकठिकाणी वाडेही बांधले गेले.

वाड्याचे जोते दगडाचे, भिंती विटामातीच्या आणि खांबतुळया लाकडाच्या असत. या सर्वांचे रक्षण छप्पर करी. एक कौल फुटले, तर पाणी प्रथम वाशात मुरते, मग तुळईत आणि शेवटी भिंतीत उतरते. लाकूड कुजते, माती विरघळते. म्हणून पुष्कळदा वाडा ढासळतो तो पायापासून नव्हे, माथ्यापासून!

अशा छपराची दुरुस्ती धीराने करावी लागते. कौले उतरवून धड व फुटकी वेगळी करतात. प्रत्येक वाशावर आकडा घालतात, म्हणजे तो आपल्याच जागी परत बसतो. तुळईचे टोक कुजले असेल, तर तेवढेच कापून त्याच जातीचे लाकूड सांधतात. चुन्याच्या जागी सिमेंट वापरीत नाहीत. कारण चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडते. मूळचे छप्पर कोणते, हेही पाहावे लागते. मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला. त्याआधीच्या वाड्यांवर धाबे तरी असे किंवा कुंभाराने घडविलेली नळीची कौले तरी असत.

मुलांनो, पूर्वी लोक दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारीत. वैशाखात बदललेले एक कौल शंभर वर्षांची तुळई वाचविते. पूर्वजांचा ठेवा राखण्यास पुष्कळदा एवढीच वेळेवरची काळजी पुरते.

स्वाध्याय : १. वाडा माथ्यापासून ढासळतो, असे का म्हटले आहे? २. चुन्याच्या जागी सिमेंट का वापरीत नाहीत?